जकातीचे पाकीट आणि दारातला पर्यटक : कोकण किनाऱ्यावरील जमातींच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनाऱ्यावरील गावांच्या जमातींचे (मशिदीभोवतीच्या मुस्लिम समाजमंडळांचे) विश्वस्त, त्यांच्या मुंबई कमिट्या आणि परदेशांत स्थायिक झालेल्या गावकऱ्यांची मंडळे

विषय : जकात (ऐपतदार मुसलमानाने दरवर्षी द्यायचे बंधनकारक दान), कर्जे-हसना (बिनव्याजी कर्ज) व वक्फ (धर्मकार्यासाठी कायमची राखून ठेवलेली मालमत्ता) यांचा उपयोग गावातील पर्यटनातून गरीब कुटुंबे उभी करण्यासाठी करण्याबाबत

सन्माननीय विश्वस्तहो,

अस्सलामु अलैकुम.

मी दापोली तालुक्यातील एका गावचा रहिवासी असून पतसंस्थेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर आमच्या जमातीच्या जकात वाटपाच्या कामात हातभार लावीत आलो आहे. रमजानच्या विसाव्या रोजानंतर मदरशाच्या ओसरीवर चटई अंथरून आम्ही तिघे-चौघे बसतो, मागील वर्षाची यादी पुढे घेतो, मुंबई कमिटीकडून आणि आखातातील मुलांकडून आलेली रक्कम मोजतो, नावांच्या संख्येने भागतो आणि पाकिटे भरतो. गेल्या रमजानमध्ये एका बाईंनी पाकीट घेता घेता विचारले, "भाईजान, पुढच्या वर्षीपण माझं नाव आहे ना यादीत?" मी "आहे, आहे" म्हणालो आणि रात्री तरावीहच्या नमाजनंतर जुन्या याद्या काढून बसलो. इतक्या वर्षांत यादीतून जी नावे कमी झाली होती, ती सर्व मयतीमुळे कमी झाली होती. स्वतःच्या पायावर उभे राहिल्यामुळे एकही नाव खाली उतरलेले मला सापडले नाही.

हे पत्र त्या याद्यांमुळे लिहीत आहे. कोणाच्या नियतीवर शंका घेण्याचा माझा हेतू नाही. पाकिटे भरणाऱ्यांत मी स्वतः होतो.

ज्या बाईंनी तो प्रश्न विचारला, त्यांच्या हाताची सांदणे आमच्या मोहल्ल्यात प्रसिद्ध आहेत. फणसाची नव्हेत, आपली नारळाच्या दुधातली. रात्री तांदूळ भिजत घालायचे, पहाटे पाट्यावर वाटायचे, नारळाचे दाट दूध आणि साखर घालून पीठ फुगू द्यायचे आणि मग लहान वाट्यांत ओतून तोपात उकडायचे. वाटी उपडी केल्यावर सांदण न चिकटता सुटले पाहिजे आणि बोट दाबले तर पुन्हा वर आले पाहिजे, ही त्यांची परीक्षा. गावाच्या वेशीवर झालेले एक निवासी हॉटेल शनिवार-रविवारी त्यांच्याकडून ती विकत घेते. त्यांना नगामागे जे मिळते त्याच्या चौपट दराने ती पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या ताटात पडतात, आणि तेथील पाट्यांवर त्या पदार्थाचे वर्णन "आमच्या स्वयंपाकघरातून" असे केलेले मी वाचले आहे. हॉटेलवाल्याचा यात कायदेशीर दोष काहीच नाही. त्याच्याकडे खोल्या आहेत, फ्रीज आहे, गाडी लावायला जागा आहे. बाईंकडे एक पाटा-वरवंटा आणि एक तोप आहे. पाट्यावर होते त्याहून जास्त पीठ त्यांना वाटता येत नाही, म्हणून त्या जास्त सांदणे विकू शकत नाहीत. आणि जास्त विकता येत नाहीत, म्हणून दर ठरवण्याची ताकद त्यांच्यात येत नाही.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. ओले वाटण करणारे यंत्र, मोठे उकडपात्र, जुना पण चालू फ्रीज, गॅसची दुसरी टाकी, अन्नसुरक्षेची नोंदणी (लहान खाद्य व्यावसायिकासाठी तिचे शुल्क वर्षाला शंभर रुपये आहे) आणि पहिल्या महिन्याचा माल मिळून चाळीस हजारांच्या आत काम होते. गेल्या दहा-बारा वर्षांत आपण त्यांना पाकिटांतून दिलेली रक्कम मिळवली, तर ती याच्या जवळपास जाते. पण ती दरवर्षी थोडी थोडी मिळाली आणि ईदच्या आठवड्यात किराण्याची उधारी फेडण्यात संपली.

यावर पहिला आक्षेप येईल तो दीनच्या, म्हणजे धर्माच्या, बाजूने, आणि तो आधी घेणे योग्य आहे. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत आणि जकात ही हक्कदाराच्या मालकीची झाली पाहिजे, याबद्दल वाद नाही. म्हणूनच जकातीच्या पैशातून जमातीने होमस्टे बांधावे, बोट घ्यावी किंवा समुद्रकिनारी बाके बसवावीत, असे मी म्हणत नाही. तसे करणे हक्कदाराच्या ताटातले काढून गावाच्या नावे लावण्यासारखे होईल. परंतु आपण कोकणातील मुसलमान शाफई, म्हणजे सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी एकीचे, आहोत आणि आपल्याच मसलकात (परंपरेत) या प्रश्नाचे उत्तर सात-साडेसात शतकांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. शाफई विद्वान इमाम नववी यांनी "अल-मजमूअ" या ग्रंथात फकीर आणि मिस्कीन (हक्कदार गरिबांचे दोन वर्ग) यांना किती द्यावे याची चर्चा करताना म्हटले आहे, की ज्याला एखादा हुन्नर येतो त्याला त्या हुन्नराची अवजारे घेता येतील इतके द्यावे, मग त्यांची किंमत थोडी असो वा जास्त. भाजी विकणाऱ्याला पाच-दहा दिरहम पुरतील; जवाहिऱ्याला कमी रकमेत धंदा करता येत नसेल तर त्याला दहा हजार दिरहमही द्यावेत; शिंपी, सुतार, खाटीक यांना त्यांच्या त्यांच्या अवजारांच्या मानाने. ज्याच्यापाशी कोणताच हुन्नर नाही त्याचा विचारही तेथे वेगळा केलेला आहे. एका दिवसाची भूक भागवणे हे तेथे माप नाही. माणूस पुन्हा मागायला येऊ नये, हे माप आहे. आपल्या मदरशांत हे मत शिकवले जाते आणि ओसरीवर पाकिटे भरताना आपण ते विसरतो, याचे मला नवल वाटते.

सांदणे करणाऱ्या बाईंचे यंत्र हे त्यांच्या हुन्नराचे अवजार आहे. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून माणसे नेणाऱ्या खलाशाकडे स्वतःची होडी नसते, तो दुसऱ्याच्या होडीवर मजुरी करतो आणि पावसाळ्यात ती वाहतूक बंद झाली की घरी बसतो. त्याला होडीतील एक हिस्सा घेता आला, तर तो त्याच्या हुन्नराचे अवजार आहे. मालकी त्याचीच राहील, परतफेड नाही, जमातीचे नाव त्या होडीवर रंगवायचे नाही. यंत्र विकून बाईंनी मुलीचे लग्न केले तर काय, असे मला एका विश्वस्तांनी विचारले. केले तर केले, मालकी त्यांची आहे. पण यंत्राबरोबर पहिली दोन वर्षे कोणीतरी हिशेबाची वही बघायला जाईल, दर ठरवायला मदत करील, एवढी व्यवस्था आपण ठेवली तर अशी वेळ क्वचित येईल, असे पतसंस्थेतील अनुभवावरून सांगतो. जकातीच्या कामावर नेमलेल्या माणसालाही त्या आठ हक्कदारांत जागा दिलेली आहे, ती बहुधा अशाच कामासाठी. (आठांत "मुसाफिर"ही आहे, हे एका तरुणाने मला उत्साहाने दाखवले. तो प्रवासात अडकून पडलेला, जवळ काही न उरलेला मुसाफिर. पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन आलेला पर्यटक नव्हे.)

सर्व नावांना एकाच वर्षी असे देता येणार नाही, हे उघड आहे. वयोवृद्ध, आजारी, अपंग यांना पाकीट मिळत राहिलेच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच, की ज्या घरात काम करणारे हात आणि विकता येण्याजोगा हुन्नर आहे, अशी दोन किंवा तीन घरे दर रमजानला निवडावीत आणि त्यांना पूर्ण द्यावे. त्यासाठी बाहेरगावच्या मदरशांचे जे सफीर (वर्गणी गोळा करणारे प्रतिनिधी) पावतीपुस्तके घेऊन रमजानमध्ये फिरतात, त्यांच्याकडे जाणारी रक्कम काहीशी कमी होईल. जेथील माल तेथील हक्कदारांचा हक्क आधी, हे शाफई मसलकाचे प्रसिद्ध मत आहे. आखातात कमावलेल्या आणि तेथेच साठवलेल्या पैशाबाबत ते कसे लावावे, याचा लेखी सल्ला प्रत्येक जमातीने आपल्या काझींकडून एकदा घेऊन ठेवावा, म्हणजे दरवर्षी तोच वाद होणार नाही.

आता पर्यटनच का, असा प्रश्न कोणी विचारील. निवड आपण केलेली नाही, पर्यटक दारात आला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरुडपासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या वाड्या आडव्या केल्या; श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या बागा एका दुपारी गेल्या. त्या वेळी परदेशातील आपल्या लोकांनी पत्र्यांसाठी, ताडपत्र्यांसाठी ज्या वेगाने पैसे पाठवले त्याला तोड नव्हती. पण छप्पर आठवड्यात बसते आणि सुपारीचे झाड उत्पन्नाला यायला वर्षे लागतात. मधल्या वर्षांत ज्यांनी कर्ज काढून घर उभे केले, ते आठ हक्कदारांतील "गारिमीन" म्हणजे कर्जात बुडालेले झाले, आणि त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही, कारण ते पूर्वीचे बागायतदार होते व त्यांचे नाव यादीत घालणे त्यांनाही लाजेचे वाटले असते. याच वर्षांत किनाऱ्यावरील गाड्यांची वर्दळ वाढत गेली. शेजारच्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने काय केले, ते आपण पाहिलेच आहे. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तेथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणारी माणसे गावातील घरांतच उतरू लागली, घरचेच जेवू लागली. तेथे कोणी पंचतारांकित काही बांधले नाही. ओटीवर गाद्या घातल्या, संडास नीट केले आणि दर एक ठेवला.

आपल्या गावांतील सर्वांत मोठी न वापरलेली मालमत्ता म्हणजे बंद घरे. कुवेत, दुबई, केपटाऊन, लंडन येथील पैशांतून बांधलेली, टाइल्स लावलेली, अकरा महिने कुलपात असलेली घरे. पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते म्हणून महिन्यातून एकदा कोणी बाई खिडक्या उघडायला जाते, तिला त्याबद्दल काही रुपये मिळतात. त्याच बाईने ते घर पाहुण्यांसाठी चालवले, उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा तिचा आणि ठरलेला मालकाचा, असा लेखी करार झाला, तर घरही टिकेल आणि ती खिडक्या उघडणारी न राहता घर चालवणारी होईल. ही जकात नव्हे, साधी हिस्सेदारी आहे, आणि आपल्याकडे मासेमारीच्या होड्यांवर हिस्स्याने वाटणी करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. राज्याच्या पर्यटन विभागाकडे निवास व न्याहरी योजनेत अशा घरांची नोंदणी होते. ती करून घ्यावी, एवढेच येथे सांगतो.

जे गरीब नाहीत पण ज्यांच्या हाती भांडवलही नाही, त्यांच्यासाठी कर्जे-हसना हवे. राज्य सरकारने २०२३ साली आणलेल्या "आई" या महिला पर्यटन धोरणात महिलांनी पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळतो. योजना चांगली आहे, परंतु कर्ज मुळात व्याजाचेच असते, परतावा नंतर येतो, आणि आपल्या मोहल्ल्यांतील अनेक घरे त्या पहिल्या पायरीपाशीच थांबतात. बँकांतून बिनव्याजी सोय होईल ही आशा रिझर्व्ह बँकेने २०१७ साली इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्यावर संपली. तेव्हा हा निधी आपला आपणच उभा करावा लागेल, सदक्यातून (ऐच्छिक दानातून) आणि ठेवींतून. आणि तो जकातीच्या पैशात एका रुपयानेही मिसळता कामा नये. ज्या पतसंस्थेत मी काम केले, तिचे नाव घेत नाही, तेथे संचालकांच्या नातलगांना दिलेली कर्जे "वसूल होतीलच" म्हणून वर्षानुवर्षे पुढे ढकलली गेली आणि मासळी विकणाऱ्या बायकांनी काडी काडी फेडले. कर्जे-हसनाचा निधी ज्या दिवशी विश्वस्तांच्या मेहुण्याला पहिला हप्ता माफ करील, त्या दिवशी तो संपला असे समजावे. व्याज नाही, म्हणून जाब नाही, अशी समजूत फार पसरलेली आहे.

वक्फविषयी थोडक्यात लिहितो. आपल्या पुष्कळ मशिदींच्या नावे नारळाच्या वाड्या, पडीक जागा, जुन्या धर्मशाळा आहेत. काही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या, काही वक्फ मंडळाकडे, काही कोठेच नाहीत. २०२५ च्या दुरुस्ती कायद्यावर मतभेद आहेत, त्यातील काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी अंतरिम स्थगितीही दिली. तो विषय या पत्राचा नाही. कागदपत्रे मात्र पुरी करावीच लागतील. वक्फ कायद्याच्या कलम ५६ नुसार तीस वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा रद्दबातल ठरतो, हे एवढ्यासाठी सांगतो, की किनाऱ्यालगतच्या अशा जागांवर हॉटेल उभारू पाहणारे लोक गावागावांत फिरत आहेत आणि "नव्याण्णव वर्षांचे करू" असे बोलत आहेत. वक्फ करणाऱ्याने जी अट लिहिली तिला शरीअतच्या शब्दाचे वजन आहे, हा फिकहचा (इस्लामी कायदेशास्त्राचा) जुना नियम आहे. अट परवानगी देत असेल तेथे वाडीत चार साध्या खोल्या, सार्वजनिक संडास, कचरा वेगळा करण्याची जागा, होड्यांसाठी धक्क्याची डागडुजी, अशी सर्वांच्या उपयोगाची कामे वक्फच्या उत्पन्नातून व्हावीत. ही कामे जकातीतून होऊ शकत नाहीत आणि एकट्या घराकडूनही होत नाहीत.

या बाबतीत इंडोनेशियाकडे पाहावे असे मला वाटते. तेथील मुसलमान बहुतांश आपल्याप्रमाणेच शाफई आहेत. जकातीतून उत्पादक कामासाठी साहाय्य देता येईल असा निर्णय तेथील उलेमा (धर्मपंडितांच्या) परिषदेने १९८२ मध्ये दिला, २००२ मध्ये रोख रकमेच्या वक्फालाही मान्यता दिली, आणि २००४ व २०११ च्या कायद्यांनी वक्फ आणि जकात यांची राष्ट्रीय व्यवस्था बसवली. पारंपरिक शाफई मत रोख रकमेचा वक्फ मान्य करीत नाही, तरीही त्यांनी चर्चेला दार उघडे ठेवले, ही गोष्ट आपल्या काझींनी वाचण्यासारखी आहे. पर्यटनाच्या बाजूने पाहिले, तर योग्याकार्ताजवळच्या गुनुंगकिडुल भागातील न्ग्लांगेरान या गावाने जुन्या ज्वालामुखीच्या खडकांभोवती पायवाटा, घरगुती निवास आणि कोकोचे पदार्थ असा उद्योग उभा केला. २०१४ मध्ये तेथे वर्षाला तीन लाखांहून अधिक माणसे येऊ लागली तेव्हा गावाने प्रवेशाचे दर वाढवले. माणसे कमी झाली आणि उत्पन्न वाढले. २०२१ साली जागतिक पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांची पहिली यादी काढली तेव्हा तेलंगणातील पोचमपल्लीबरोबर हे गावही तीत होते. तेथील यश जकातीचे आहे, असा माझा दावा नाही. ते गावाच्या शिस्तीचे आहे, आणि आपल्याकडे जकात आहे, शिस्त उभी करायची आहे.

पर्यटक आले की दारू येईल, अजानच्या वेळी गाणी वाजतील, आमच्या मुलींना त्रास होईल, ही भीती खोटी नाही. उघड्या गाड्यांतून वाळूवर धिंगाणा घालणारे आजही येतात. फरक एवढाच, की ते कोणाच्याही घरी उतरत नाहीत, त्यामुळे कोणाचेच ऐकत नाहीत. घरात उतरलेला पाहुणा घरच्या रीती पाळतो, हा वेळाससारख्या गावांचा अनुभव आहे. नियम लिहून दारावर लावावेत, मराठीत. मात्र "हलाल पर्यटन" अशी पाटी लावण्याच्या मोहात आपण पडू नये. येणारा पाहुणा बहुधा पुण्या-नाशिकचा हिंदू असतो, त्याला सुकटीचे कालवण, तांदळाची भाकरी आणि सांदण हवे असते. आणि गावही एकट्या आपल्या मोहल्ल्याचे नाही. कुणबीवाडी, कोळीवाडा, भंडारवाडा यांच्याशिवाय समुद्रकिनारा स्वच्छ राहणार नाही, ग्रामसभेत ठराव होणार नाही. जकात आपल्या हक्कदारांपुरती असली, तरी सदका, कर्जे-हसना आणि वक्फच्या सार्वजनिक सोयी यांना ते बंधन नाही. पाहुण्यांची पाळी सर्व वाड्यांतून फिरावी आणि ती वही जमातीच्या नव्हे, ग्रामपंचायतीच्या कपाटात राहावी.

परदेशातील मंडळांना एक व्यवहाराची सूचना. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्गे पाठवलेली देणगी विदेशी देणगी ठरत नाही. ज्यांनी दक्षिण आफ्रिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची ठरते आणि ती स्वीकारायला विश्वस्त संस्थेकडे वेगळी परवानगी लागते. केपटाऊनच्या मंडळाने एकत्र करून पाठवलेली रक्कम कोणाच्या खात्यात उतरवावी, हे सनदी लेखापालाला आधी विचारावे. चांगल्या हेतूने उचललेले पाऊल जमातीला नोटिशीपर्यंत नेऊ शकते.

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक जमातीने एक बैठक घ्यावी आणि त्या बैठकीत गेल्या दहा वर्षांच्या याद्या आणाव्यात, ही माझी विनंती आहे. नावे वाचू नयेत, बायाबापड्यांची अब्रू असते. फक्त किती नावे प्रत्येक वर्षी पुन्हा आली ते मोजावे. त्यानंतर जी दोन घरे निवडाल त्यांच्या दारी रमजान उजाडायच्या आत अवजार पोहोचवावे. ईदनंतर आठ-दहा दिवसांत मे महिन्यासारखी सुट्टी आली, तर पहिल्या पाहुण्यांसाठी ते उपयोगी पडेल. आमच्या गावच्या बाईंनी वाटणयंत्र दुकानात पाहून ठेवले आहे. दीड लिटरचे नको, दोन लिटरचे हवे, असे त्यांनी मला बजावून सांगितले आहे.

आपला नम्र,
दापोली तालुक्यातील एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी